नस्ती ज्या वाटेने जाते, त्या वाटेने प्रभाग पाडावेत

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: राज्याच्या उच्च शिक्षण यंत्रणेची पुनर्रचना करून तिचे प्रभाग पाडायचे झाल्यास ते कामाच्या स्वरूपानुसार पाडावेत की जिल्हानिहाय किंवा विद्यापीठनिहाय पाडावेत, आणि तसे करताना मराठवाड्यातील महाविद्यालयांची आजच्यापेक्षा अधिक ओढाताण होऊ नये म्हणून काय पाहावे? प्रश्नकर्ते लातूर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहेत आणि शिक्षण प्रशासन या विषयाच्या प्रबंधासाठी ते या प्रश्नाचा अभ्यास करीत आहेत. मी या खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सेवेचा बहुतेक काळ मराठवाड्यातच गेला. त्यामुळे जे लिहितो आहे ते टेबलावर बसून पाहिलेले आहे.

माझे उत्तर असे की मुख्यालयात कामाच्या स्वरूपानुसार आणि क्षेत्रीय पातळीवर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रानुसार विभागणी करावी. मात्र एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक प्रकारचे प्रकरण शेवटी कोणत्या एका टेबलावर निकाली निघणार, हे आदेशात नावानिशी लिहिलेले नसेल, तर प्रभाग कसेही पाडले तरी दारावरच्या पाट्या बदलण्यापलीकडे काही होत नाही.

आधी एक शब्द सरळ करून घेऊ. आपल्याकडे ‘विभाग’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. मंत्रालयातील उच्च व तंत्र शिक्षण विभाग हा एक, छत्रपती संभाजीनगर हा महसुली विभाग, म्हणजे मराठवाडा, हा दुसरा, आणि कार्यालयातील एखादी शाखा हा तिसरा. ‘विभागाकडे पाठवावे’ एवढ्याच शेऱ्यामुळे शाखेकडे जायचा कागद मुंबईला गेलेला मी पाहिला आहे. म्हणून मुख्यालयातील नव्या घटकाला ‘प्रभाग’, त्याच्या आतील टेबलाला ‘कार्यासन’ आणि विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयाला ‘क्षेत्रीय कार्यालय’ म्हणावे, आणि आदेशाच्या पहिल्याच परिच्छेदात हे अर्थ नोंदवावेत. पुढे मीही हे शब्द याच अर्थाने वापरतो.

आता कामांकडे पाहू. पुण्यातील उच्च शिक्षण संचालनालय आणि त्याची क्षेत्रीय कार्यालये जी कामे करतात, त्यांची यादी कोणत्याही कार्यविवरणात मिळेल. यादीत जे दिसत नाही ते म्हणजे प्रत्येक कामाची चाल वेगळी असते. वेतन अनुदान महिन्याच्या चालीने चालते आणि त्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. नवीन महाविद्यालयांची परवानगी वर्षाच्या चालीने चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाचा बृहत आराखडा (नवी महाविद्यालये कोठे हवीत याचा), संस्थेचा अर्ज, विद्यापीठाची शिफारस, शासनाचे इरादापत्र आणि अंतिम मान्यता या प्रत्येक पायरीला तारीख बांधलेली असते. शिष्यवृत्तीचे काम प्रवेशाबरोबर उसळते आणि मार्चअखेरीस पुन्हा उसळते. वेतननिश्चिती, स्थाननिश्चिती (प्राध्यापकाला वरच्या वेतनश्रेणीत नेणे) आणि निवृत्तिवेतन ही माणसागणिक येणारी कामे आहेत. न्यायालयीन प्रकरण मात्र कोणत्याही दिवशी येते आणि आले की बाकी सारे बाजूला ठेवायला लावते.

माझ्या मते प्रभाग पाडताना विषयाच्या नावापेक्षा ही चाल अधिक पाहावी. महिन्याच्या चालीचे काम आणि माणसागणिक येणारे काम एकाच अधिकाऱ्याकडे दिले की दर महिन्याच्या अखेरीस दुसरे काम थांबते, आणि ते कोणी मुद्दाम थांबवलेले नसते. वेतन देयके निघालीच पाहिजेत, ती न निघाल्यास शेकडो घरांत ओरड होते. निवृत्तिवेतनाचे प्रकरण एका माणसाचे असते, त्याची ओरड कार्यालयाच्या जिन्यापर्यंत येऊन थांबते. त्यामुळे अनुदान आणि सेवाविषयक बाबी यांचे प्रभाग वेगळे असावेत, हे माझे पहिले आग्रहाचे म्हणणे आहे.

यासाठी एक प्रकरण जवळून सांगतो. एका क्षेत्रीय कार्यालयात असताना किनवट तालुक्यातील एका महाविद्यालयाचे निवृत्त शिपाई मामा माझ्यापुढे येऊन बसले. पहाटेची गाडी धरून ते निवृत्तिवेतनासाठी पाचव्यांदा आले होते. कापडी पिशवीत सेवापुस्तकाच्या छायाप्रती होत्या आणि प्रत्येक फेरीत मिळालेल्या पोचेच्या चिठ्ठ्या त्यांनी दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. मी नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाइल, मागवली. दोष एकच होता: ०१.०१.१९९६ पासूनच्या वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नव्हता, आणि त्यानंतरच्या २००६ च्या निश्चितीवर मात्र होता. आस्थापना कार्यासनाने लिहिले होते, ‘बाब लेखा शाखेशी संबंधित’. लेखा शाखेने लिहिले होते, ‘सेवापुस्तक महाविद्यालयाच्या ताब्यात असल्याने आस्थापनेने पूर्तता करून घ्यावी’. महाविद्यालयाने सेवापुस्तक पाठवले ते आवक टेबलावर नव्या पत्रासारखे नोंदले गेले आणि प्रकरण पुन्हा पहिल्या टेबलावर गेले. एकाच प्रकरणाला तीन वेळा नवा आवक क्रमांक पडला होता.

त्या संध्याकाळी मी नस्तीच्या मागच्या कोऱ्या पानावर तारखा मांडल्या. प्रकरण दाखल होऊन अकरा महिने झाले होते. सात टेबलांवरून ते फिरले होते. त्या अकरा महिन्यांत ज्या दिवशी कोणी प्रत्यक्ष काही तपासले किंवा ठरवले, असे दिवस नऊ निघाले. उरलेला सगळा काळ कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाण्यात गेला होता. कोणाही कर्मचाऱ्याने नियम मोडला नव्हता, आणि प्रत्येकाचा शेरा आपापल्या परीने बरोबरच होता. ‘हे प्रकरण माझे आहे’ असे म्हणण्याची जबाबदारी मात्र रचनेने कोणावरच टाकली नव्हती. आम्ही ते सेवापुस्तक स्वतः पथकाकडे नेले, शिक्का घेतला आणि प्रकरण नागपूरला महालेखापालांकडे रवाना केले. मराठवाड्याची प्रकरणे तिकडेच जातात. नागपुरातून त्रुटी निघाली की परतीचा प्रवासही तेवढाच लांबचा असतो. म्हणून आपल्या पातळीवर त्रुटी राहू न देणे येथे अधिकच गरजेचे ठरते.

या अनुभवावरून सेवाविषयक प्रभागाची रचना मी अशी सुचवीन. नियुक्तीची मान्यता, वेतननिश्चिती, करिअर ॲडव्हान्समेंट योजनेखालील स्थाननिश्चिती, रजा, निवृत्तिवेतन हे सारे एका छताखाली असावे आणि टेबलांची वाटणी विषयानुसार न करता महाविद्यालयानुसार करावी. म्हणजे अंबाजोगाई किंवा परळीच्या महाविद्यालयाचा आस्थापना लिपिक वर्षभर एकाच सहायकाशी बोलेल आणि त्या सहायकाला त्या महाविद्यालयातील प्रत्येक सेवापुस्तकाच्या खाचाखोचा ठाऊक होतील. यावर असा आक्षेप घेतात की एकाच माणसाच्या हाती एखादे महाविद्यालय राहिले तर लागेबांधे तयार होतात. आक्षेप खरा आहे. त्यावर तीन वर्षांनी महाविद्यालये बदलून देणे आणि सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवण्याची सक्ती करणे हे दोन उपाय आहेत. दुसऱ्यांदा नवी त्रुटी काढायची असेल तर प्रभागप्रमुखाची लेखी कारणासह संमती लागावी. एवढ्या एका अटीने किती हेलपाटे वाचतात, हे ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही.

याच प्रभागात आणखी एक बदल आधीच धरून चालावा. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही, त्यांची खाती अंशदानाची, म्हणजे दरमहा हप्ते जमा होण्याची आहेत. पुढील अनेक वर्षे दोन्ही प्रकारची माणसे शेजारी शेजारी काम करतील आणि दोन्ही प्रकारचे हिशेब समांतर चालतील. जुन्या प्रकरणांत वाकबगार असलेला लिपिक अंशदानाच्या खात्यातील गहाळ हप्ते शोधण्यात वाकबगार असेलच असे नाही. म्हणून अंशदानाच्या खात्यांसाठी स्वतंत्र कार्यासन हवे.

अनुदान व लेखा प्रभागाबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथील शिस्त कोषागाराच्या नियमांनी आधीच बांधलेली आहे. नियोजन प्रभागाकडे परवानग्या, बृहत आराखड्याचा पाठपुरावा, मूल्यांकन आणि केंद्र सहाय्यित योजना असाव्यात. २०१३ मध्ये सुरू झालेले रूसा अभियान आणि त्यानंतर २०२३ मध्ये आलेले पीएम-उषा, दोन्हींमध्ये पैसा माहितीच्या आधारे मागावा लागतो. आज तीच विद्यार्थिसंख्या आणि तीच शिक्षकसंख्या महाविद्यालय अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी भरते, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी भरते, विद्यापीठासाठी भरते आणि संचालनालयाने मागितलेल्या तक्त्यात पुन्हा भरते. कधी तर आज संध्याकाळपर्यंत पाठवा असा निरोप येतो आणि प्राचार्य वर्गात शिकवत असलेल्या प्राध्यापकाला बोलावून आकडे विचारतात. माहिती मागवण्याचा अधिकार फक्त नियोजन प्रभागाला असावा, इतर प्रभागांनी ती त्याच्याकडून घ्यावी, असा स्पष्ट आदेश निघाल्यास महाविद्यालयांचे वर्षातले कित्येक दिवस मोकळे होतील.

विद्यार्थी प्रभाग स्वतंत्र असावा की नाही यावर खात्यात मतभेद आहेत. माझे मत स्वतंत्र असावा असेच आहे. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर विद्यार्थ्याला एकच खिडकी दिसते, पण त्या खिडकीमागे सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास आणि उच्च शिक्षण अशी निरनिराळी खाती बसलेली असतात. भूम किंवा सेनगावच्या मुलीला आपला अर्ज यांतील कोणाकडे अडकला आहे हे कळण्याचे कारण नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय झाला. निर्णय उत्तम आहे, पण अशी प्रत्येक योजना जुन्याच टेबलांवर येऊन पडते. विद्यार्थी प्रभागाचे मुख्य काम इतर खात्यांशी बोलून अर्जाचे उत्तर महाविद्यालयाला देण्याचे असावे. ‘हा विषय आमच्या खात्याचा नाही’ हे वाक्य त्या प्रभागातून बाहेर जाता कामा नये.

विधी शाखेला प्रभागाचा दर्जा देऊ नये, असे मी म्हटल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. छत्रपती संभाजीनगर येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने मराठवाड्यातील सेवाविषयक याचिका तेथेच लागतात आणि संचालक व सहसंचालक दोघेही बहुधा प्रतिवादी असतात. स्वतंत्र विधी प्रभाग केला की मूळ कार्यासन हात झटकून मोकळे होते आणि वस्तुस्थिती ठाऊक नसलेला माणूस परिच्छेदनिहाय अभिप्राय लिहायला बसतो. अभिप्राय आणि शपथपत्राचा मसुदा ज्याचे प्रकरण त्याच प्रभागाने द्यावा. विधी कक्षाने तारखा सांभाळाव्यात, सरकारी वकिलांशी संपर्क ठेवावा आणि मसुद्यातील कायद्याची बाजू तपासावी. हा कक्ष थेट संचालकांच्या हाताखाली असावा.

आता क्षेत्रीय पातळी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची वाटणी दोन विद्यापीठांत आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या शहरांत सहसंचालकांचे कार्यालय आहे. एक विद्यापीठ आणि एक क्षेत्रीय कार्यालय ही जोडी मोडू नये. महाविद्यालयाला संलग्नता आणि शिक्षकमान्यता विद्यापीठाकडून लागते व वेतन सहसंचालकांकडून, त्यामुळे दोन्ही दारे एकाच गावात असणे ही किनवट, उदगीर, जिंतूरच्या माणसासाठी मोठी सोय आहे. जिल्हानिहाय कार्यालये काढावीत अशी मागणी अधूनमधून होते. ती ऐकायला चांगली वाटते, पण मंजूर पदेच भरलेली नसताना आठ कार्यालये म्हणजे आठ ठिकाणी अतिरिक्त कार्यभार. त्यापेक्षा ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिर लावून सेवापुस्तके जागेवर तपासावीत. त्यासाठी पडताळणी पथक सोबत असले पाहिजे, नाहीतर शिबिर फक्त कागद गोळा करून परत येते.

मुख्यालयातील चार प्रभागांची नक्कल क्षेत्रीय कार्यालयात करू नये, हेही येथेच सांगतो. तेथे माणसे मोजकी असतात. एका अधीक्षकाकडे दोन प्रभागांचे काम राहणारच, तेव्हा निदान अनुदान आणि सेवाबाबी या दोन गोष्टी एका अधीक्षकाकडे येऊ नयेत एवढे पाळावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अधिकार. ज्या प्रकरणात नियम स्पष्ट आहे, तेथे अंतिम स्वाक्षरी सहसंचालकांची असावी. संचालनालयाकडे ‘मार्गदर्शनार्थ’ पाठवलेल्या पत्रांचा एका वर्षाचा गठ्ठा काढून पाहावा. माझ्या काळात त्यांतील बहुसंख्य पत्रांना ‘प्रचलित नियमांनुसार कार्यवाही करावी’ असेच उत्तर येत असे. ज्या विषयाला हे उत्तर वारंवार जाते, त्या विषयाचा अधिकार खाली देऊन टाकावा.

पुनर्रचनेत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो अभिलेख कक्ष, आणि मराठवाड्याने याची किंमत मोजली आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी त्याच्या आजच्या चारही जिल्ह्यांतील महाविद्यालये १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होती. हिंगोली तर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता, तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. साहजिकच १९९४ पूर्वी लागलेल्या प्राध्यापकांच्या नियुक्तिमान्यता जुन्या विद्यापीठाच्या आहेत. असा प्राध्यापक पंचवीस-तीस वर्षांनी निवृत्त झाला आणि महाविद्यालयातील मान्यतेचे पत्र वाळवीने खाल्लेले निघाले, की दुय्यम प्रतीसाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्या वेळी जावक नोंदवहीचे पान मिळाले तर प्रकरण सुटते. कार्यक्षेत्र एका दिवसात आदेशाने बदलते, पण कागद आपोआप मागे येत नाहीत. त्यामुळे प्रभाग पाडण्याच्या आदेशाला नस्त्यांची हस्तांतरण यादी जोडलेली असावी. तीत नस्ती क्रमांक, पृष्ठसंख्या, देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही हे चार रकाने असावेत. पृष्ठसंख्येचा रकाना कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळतात, आणि पुढे नेमके महत्त्वाचे पान कोणाकडे हरवले यावर वर्षभर पत्रव्यवहार होतो. संगणकावर नस्ती आली तरी स्कॅन करताना सुटलेले पान सुटलेलेच राहते.

आकृतिबंधाबाबत, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याबाबत, एवढेच म्हणेन की वित्त विभागाकडे नवी पदे मागण्याआधी असलेली पदे भरून मागावीत, आणि प्रभागप्रमुखाचे पद अतिरिक्त कार्यभारावर चालवणार नाही याची लेखी हमी घ्यावी. तंत्रशिक्षण संचालनालय यात मिसळण्याची सूचना काही जण करतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या दृष्टीने तिला अर्थ आहे, पण दोन मोठ्या गोष्टी एका वर्षात करू नयेत.

बदल कोणत्या महिन्यात करावा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो विचारायला हवा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नये, कारण देयकांची गर्दी असते. जून ते ऑगस्ट प्रवेशांचे दिवस. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचे दोन महिने सर्वांत बरे. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे देयकांवर सही करून पैसे काढणारा अधिकारी, बदलणार असेल तर नमुना स्वाक्षरी कोषागारात आधी पोहोचली पाहिजे आणि वेतन प्रणालीतील मंजुरीचे लॉगिन त्याच दिवशी बदलले पाहिजे. या दोन्हींत आठवड्याचे अंतर पडले तर एका महिन्याचे पगार अडकतात, आणि मग चांगल्या रचनेचेही नाव खराब होते. त्याच दिवशी माहिती अधिकार कायद्याखालील जन माहिती अधिकारी व प्रथम अपिलीय अधिकारी यांचे, तसेच लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील पदनिर्देशित व अपिलीय अधिकाऱ्यांचे नवे आदेश निघावेत. ते राहिले तर अर्जदाराला अपील कोणाकडे करावे हेच कळत नाही आणि मुदत मात्र चालू राहते.

प्रबंधासाठी तुम्हाला आकडे हवे असतील, तर कोणाची मुलाखत घेण्याआधी आपल्याच महाविद्यालयातील दहा निकाली निघालेली सेवाप्रकरणे काढा. प्रत्येकाच्या आवक-जावक तारखा एका कागदावर ओळीने मांडा, कोणत्या टेबलावर किती दिवस गेले ते लिहा, आणि ज्या ठिकाणी नवा आवक क्रमांक पडला तेथे लाल खूण करा. लाल खुणा जेथे दाटीने येतील ती जागा दोन टेबलांच्या मधली असेल. त्या दोन टेबलांना एकाच प्रभागात आणायचे की त्यांतले एक काढूनच टाकायचे, ही चर्चा आपण तो कागद समोर ठेवून करू.